आईच्या हाताचा नंबर: कोकणातल्या एका परड्यातल्या हातमोज्यांचा प्रकरण अभ्यास

भातकापणी झाली की आमच्याकडे गुरं मोकळी सुटतात. त्याआधी परड्याची, म्हणजे घरामागच्या भाजीच्या वाडीची, वई (कुंपण) घालून व्हावी लागते, नाहीतर लाल माठ, मुळा, वाल यातलं काही हाताला लागत नाही. राजापूर तालुक्यातल्या आमच्या घरी ही वई अजून काट्यांचीच असते. करवंदीच्या आणि बोरीच्या फांद्या, मधून चिल्हारीचे वेल, आधाराला बांबू. २०२२ च्या ऑक्टोबरात ही वई घालताना माझ्या आईच्या डाव्या हाताच्या तर्जनीत, मधल्या सांध्यापाशी, करवंदीचा काटा मोडला.

वर दिसणारा तुकडा तिने सुईने काढला, हळद दाबली आणि उरलेली वई पुरी केली. चौथ्या दिवशी बोट सुजलं. आठवड्याने ते वाकेनासं झालं. डॉक्टरांनी धनुर्वाताचं इंजेक्शन आणि प्रतिजैविकं दिली. एक्स-रेमध्ये काही दिसलं नाही, कारण झाडाचा काटा एक्स-रेमध्ये बहुधा उमटतच नाही. रत्नागिरीला जाऊन सोनोग्राफी केली तेव्हा तो सांध्याच्या आवरणाशी आडवा बसलेला दिसला. छोटी शस्त्रक्रिया करून काढलेला तुकडा जेमतेम ६ मिलिमीटरचा होता. यात दोन महिने गेले. आई तेव्हा ६३ वर्षांची होती. ते बोट आजही मुठीत पुरतं मिटत नाही.

मी पुण्यात राहते आणि महिन्या-दीड महिन्याने घरी जाते. त्या दोन महिन्यांत मला भेटलेल्या प्रत्येकाने एकच वाक्य ऐकवलं: हातमोजे घालायला सांग ना आईला. हातमोजे घरात होते. पाच वर्षांपूर्वी मीच आणलेले माळ्यावर होते, भावाने आणलेले पडवीत खुंटीला होते. आईने ते घातले नव्हते, आणि ती हट्टी आहे एवढ्यावर मी ती चौकशी संपवली होती. काटा निघाल्यावर मात्र ठरवलं, की ती का घालत नाही हे आधी नीट पाहायचं आणि मगच काही विकत घ्यायचं. पुढे वर्षभर जे पाहिलं, मोजलं आणि वापरलं ते इथे लिहिते आहे.

माळ्यावरची जोडी

माळ्यावरचे होते ते वेल्डरचे हातमोजे. जाड म्हशीच्या कातड्याचे, कोपरापर्यंत येणारे. हार्डवेअरच्या दुकानात "सगळ्यात टिकाऊ कुठले?" असं विचारलं की बहुतेक हेच पुढे येतात. ते टिकाऊ असतातच. आईच्या हातात ते चढवले तेव्हा तिच्या बोटांच्या पुढे प्रत्येक बोटात दोन-अडीच सेंटिमीटर रिकामं टोक लोंबत होतं. अंगठा तर त्याच्या जागी पोचतच नव्हता. तिने कोयती उचलून दाखवली. मूठ आतल्या आत फिरली आणि कोयतीचं पातं तिरकं झालं. "बाय, हातात काय धरलंय ते हाताला कळलं पाहिजे," ती म्हणाली. तिने ते घातले असते तर काटा टळला असता, पण कोयती निसटून वेगळंच काही झालं असतं.

भावाने आणलेले हातमोजे काळे, नायलॉनच्या विणीवर तळव्याला नायट्राइल या कृत्रिम रबराचा थर दिलेले होते. ते मापाला बरे होते. आईच्या दोन तक्रारी होत्या. दुपारी हात आत शिजतो, आणि भाजावळीत, म्हणजे पेरणीआधी शेत भाजताना, त्यांच्यावर ठिणगी पडली की ते वितळतं. दुसरी तक्रार मी स्वतः तपासली. त्या हातमोज्याच्या मागच्या बाजूला शेंगदाण्याएवढं भोक होतं आणि कडा काळ्या कडक मण्यांसारख्या झाल्या होत्या. सूत आणि कातडं जळतं, करपतं, पण वितळून कातडीला चिकटत नाही. ज्या घरात चूल आहे, बंब आहे आणि मार्च-एप्रिलमध्ये भाजावळ आहे, तिथे हा फरक लहान नाही. म्हणून नैसर्गिक साहित्याचा आग्रह आमच्याकडे आईच्या अनुभवातून आला. वापरून फाटलेला नायलॉनचा हातमोजा परड्यात पडला की वर्षानुवर्षं मातीत तसाच सापडतो, हेही तिला आवडत नाही. शेणखताच्या खड्ड्यात जे जाईल ते कुजलं पाहिजे, असा तिचा नियम आहे.

दोन दिवस फक्त पाहिलं

बोट बरं झाल्यावर, जानेवारीत, कवळ, म्हणजे भाजावळीसाठी पालेदार फांद्या, तोडायचे दिवस होते. मी दोन दिवस आईच्या आणि शेजारच्या काकूंच्या बरोबर राहिले आणि हाताला काय काय लागतं ते वहीत लिहिलं. घरातल्या कामांना आपण सरसकट "बाहेरची कामं" म्हणतो, त्यामुळे एकच जोडी सगळ्याला पुरेल असं वाटतं. वहीत उतरलं ते असं.

कवळ तोडताना डावा हात फांदी धरतो, उजवा कोयती चालवतो. काटा, साल, मुंग्या, सगळं डाव्या हाताच्या वाट्याला येतं. उजव्याला फक्त कोयतीची मूठ. पातेरा, म्हणजे वाळका पाला, गोळा करताना दोन्ही हात सारखे, पण धोका कमी: धूळ, वाळकी काटकी, एखादा विंचू. बांबू तोडताना आणि फोडताना दोन गोष्टी: कापलेल्या कडेची धार आणि कोंबाच्या आवरणावरची कूस, म्हणजे बारीक टोचरे केस. रानाच्या कडेला खाजकुयलीच्या शेंगा. गडग्याचे, म्हणजे दगडी बांधाचे, चिरे रचताना तळहात घासून निघतो आणि बोट दोन चिऱ्यांत सापडतं. झावळ्या ओढताना देठाच्या कडा कापतात. शेणखत आणि चिखल, म्हणजे ओलं काम. आणि काजू.

कूस आणि खाजकुयली यांच्याबद्दल थोडं जास्त लिहायला हवं, कारण इथे माझा अंदाज साफ चुकला. मला वाटलं होतं की काटा नसलेल्या कामाला सुती विणलेले हातमोजे चालतील. स्वस्त, धुता येणारे, हवा खेळणारे. खाजकुयलीच्या शेंगेवर बारीक, ठिसूळ केस असतात आणि त्यांतल्या म्युकुनेन नावाच्या द्रव्याने खाज सुटते. हे केस सुताच्या विणीत अडकून बसतात. काकूंनी तसे हातमोजे घालून वेल ओढला आणि नंतर त्याच हाताने कपाळावरचा घाम पुसला. संध्याकाळपर्यंत त्यांचा चेहरा सुजला होता. ते हातमोजे दोनदा धुऊनही त्यांत खाज उरली होती आणि शेवटी जाळावे लागले. बांबूच्या कुशीचंही तसंच. या कामांना गुळगुळीत बाजू बाहेर असलेलं कातडंच हवं. त्यावरून केस ओल्या फडक्याने पुसले जातात.

दोन दिवसांच्या शेवटी मी दोरा घेऊन आईच्या तळव्याचा घेर मोजला. अंगठा सोडून, चार बोटांच्या मुळाखाली, जिथे तळवा सगळ्यात रुंद असतो तिथे. १७९ मिलिमीटर. मधल्या बोटाच्या टोकापासून मनगटाच्या रेषेपर्यंत लांबी १६६. हातमोज्यांचे युरोपातले नंबर समजायला सोपे आहेत, कारण घेर इंचांत मोजला की जवळपास तोच नंबर येतो. ७ नंबर म्हणजे १७८ मिलिमीटर घेर, ८ म्हणजे २०३, ९ म्हणजे २२९, १० म्हणजे २५४. आईचा हात ७ नंबरचा. काकूंचा त्याहून लहान, १६५ मिलिमीटरचा. माळ्यावरची जोडी १० नंबरची होती.

हे मोजमाप मी आधी करायला हवं होतं. राजापूर आणि रत्नागिरी मिळून चार दुकानांत मी विचारलं. चामडी हातमोजे सगळीकडे १० नंबरचेच होते, एका ठिकाणी ९. "हेच सगळ्यांना चालतात," असं उत्तर मिळालं. आमच्या वाडीत कवळ तोडणाऱ्या, पातेरा आणणाऱ्या, वई घालणाऱ्या बहुतेक बायका आहेत. त्यांच्या हाताचा माल बाजारात येतच नाही, आणि मग बायका हातमोजे वापरत नाहीत असं म्हटलं जातं. याचा मला खरंच राग आला.

कातडं कुठलं

आता साहित्याबद्दल. कातडं कमावताना ते जाडीत चिरून दोन थर करतात. वरच्या, म्हणजे केसांच्या बाजूच्या थराला बाजारात ग्रेन म्हणतात, तो गुळगुळीत आणि दाट धाग्यांचा असतो. खालचा स्प्लिट, दोन्ही बाजूंनी खरबरीत. वेल्डरचे हातमोजे बहुधा स्प्लिटचे असतात. त्यांची जाडी चांगली, उष्णतेला चांगले, स्वस्तही. पण पाणी पितात, आणि पाणी प्यालेलं स्प्लिट कातडं वाळलं की पुठ्ठ्यासारखं होतं. ग्रेन त्यामानाने पाणी उशिरा घेतं आणि काटा त्याच्या दाट थरावरून जास्त वेळा घसरतो.

जनावरांतही निवड आहे. म्हशीचं कातडं जाड आणि घासायला दणकट. शेळी-बोकडाचं पातळ, हातमोज्यात साधारण १ मिलिमीटरच्या आतबाहेर, पण त्या जाडीला आश्चर्य वाटेल इतकं चिवट आणि मऊ. मेंढीचं फार मऊ आणि लवकर फाटणारं, ते या कामाचं नाही. आईचा हात लहान, आणि तिला हातात काय आहे हे कळायला हवं, त्यामुळे बोकडाचं ग्रेन कातडं हे जवळजवळ ठरल्यासारखंच होतं.

कमावण्याच्या पद्धतीवर मात्र मी बराच काळ अडले. नैसर्गिकच हवं तर वनस्पतींनी कमावलेलं का नको? आपल्याकडे कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावतात. २०१९ मध्ये त्या चपलेला महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांसाठी मिळून भौगोलिक मानांकन मिळालं. मला वाटलं, त्याच कातड्याचे हातमोजे शिवून घ्यावेत. कोल्हापुरात एका जाणत्या कारागिराला विचारलं. त्यांनी कातडं माझ्या हातात देऊन वाकवायला सांगितलं आणि म्हणाले, "ताई, हे पायाखाली दबून आकार धरतं. बोटाच्या पेरावर दिवसात हजारदा वाकायचं म्हटलं तर आधी तुमचं बोट दुखेल, मग हे तडकेल."

पाण्याचं आणि उष्णतेचं गणितही वनस्पतींनी कमावलेल्या कातड्याच्या विरुद्ध जातं. ओलं कातडं एका ठरावीक तापमानाला आक्रसतं. वनस्पतींनी कमावलेलं साधारण ७० ते ८५ अंशांना, क्रोमियमच्या क्षाराने कमावलेलं १०० अंशांच्या आसपास किंवा पुढे. ज्या जिल्ह्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि हातमोजे चुलीपाशीच वाळत घातले जातात, तिथे क्रोमचं कातडं जास्त टिकणार हे उघड होतं. त्याच्या कमावणीच्या पाण्याने नद्यांची काय अवस्था होते हे मला माहीत आहे, आणि म्हणून हा निर्णय मला सुखाचा वाटला नाही. आणखी एक जपायचं: कमावताना वापरतात ते क्रोमियम त्रिसंयुजी असतं, पण प्रक्रिया नीट नसेल तर कातड्यात षट्संयुजी क्रोमियम तयार होतं आणि त्याने हाताला इसब उठू शकतं. युरोपातल्या मानकात त्याची मर्यादा किलोला ३ मिलिग्रॅम आहे. म्हणून ज्या मालावर ते मानक पाळल्याचं लिहिलं होतं तोच घ्यायचा असं ठरवलं. आपलंही चामडी आणि सुती हातमोज्यांसाठी मानक आहे, आयएस ६९९४ भाग १, पण मी पाहिलेल्या एकाही जोडीवर ते छापलेलं नव्हतं.

हातमोज्यावर हातोड्याच्या चिन्हाखाली चार आकडे असतात, त्यांचा अर्थही इथे सांगते. हे ईएन ३८८ या युरोपातल्या मानकाचे गुण: पहिला घासण्याचा, दुसरा पात्याने कापण्याचा, तिसरा फाटण्याचा, चौथा टोचण्याचा. मला अर्थातच चौथा महत्त्वाचा वाटला. मग कळलं की टोचण्याच्या चाचणीत सुमारे ४.५ मिलिमीटर जाडीची, गोलसर टोकाची पोलादी सळई वापरतात. ४ हा सर्वांत वरचा गुण मिळायला १५० न्यूटन, म्हणजे अंदाजे १५ किलोचा दाब सोसावा लागतो. करवंदीचा काटा तसा नसतो, तो सुईसारखा असतो. चौथा आकडा ३ किंवा ४ असलेला हातमोजासुद्धा काट्याला रोखेलच असं नाही. आमच्या कामात पहिला आणि तिसरा आकडा खरा उपयोगी ठरला, म्हणजे घासणं आणि फाटणं. पहिला आकडा ३ हवा. तो घासण्याच्या २,००० फेऱ्यांना मिळतो, २ हा ५०० फेऱ्यांना.

शिवण हाताने चाचपून पाहायची. काही हातमोज्यांत मधल्या दोन बोटांच्या मुळाशी तळव्यावर आडवी शिवण येते, आणि ती नेमकी कोयतीच्या मुठीखाली दबते. आईला एका जोडीने याच जागी फोड आला. अंगठा तळव्याच्या सरळ रेषेत शिवलेला असेल तर मूठ मिटताना तो ओढतो. तिरका, बाजूला काढून शिवलेला हवा. दोरा सुती असला तर आमच्या दमट हवेत तो कातड्याच्या आधी कुजतो. इथे आम्ही पॉलिएस्टरचा दोरा मान्य केला.

शेवटी काय घेतलं

फेब्रुवारी २०२३ मध्ये तीन प्रकार घेतले. पहिला, बोकडाच्या ग्रेन कातड्याचा, ७ नंबर, मनगटाच्या पुढे जाड सुती कॅनव्हासची १५ सेंटिमीटरची बाही. करवंदीच्या जाळीत हात घातला की ओरखडे मनगटाच्या वर उठतात, म्हणून बाही. हे ऑनलाइन मागवावे लागले आणि ७५० रुपये पडले. दुसरा, सुती विणलेल्या हातमोज्यांच्या सहा जोड्या, २०० रुपयांत, पातेरा, गवत आणि झाडलोटीसाठी. तिसरा, सुती अस्तरावर नैसर्गिक रबराचा थर दिलेला, शेणखत आणि चिखलासाठी, १२० रुपये. रबराचा चीक मुख्यतः केरळातला, आणि आता आमच्या शेजारच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या दोडामार्ग तालुक्यातही रबराच्या बागा आहेत. काहींना लॅटेक्सची ॲलर्जी असते, तेवढं पाहून घ्यावं. तेल लागलं की मात्र नैसर्गिक रबर फुगतं आणि चिकट होतं.

काजूच्या बाबतीत आमचे तिन्ही प्रकार हरले. ओले काजूगर काढताना सालीतला चीक हात भाजून काढतो. सुती हातमोजा तो शोषून हातावर धरून ठेवतो, कातडंही शोषतं, रबर तेलकट चिकाने मऊ पडतं. पातळ नायट्राइल उत्तम, पण आईने ते नाकारलं आणि आधी खोबरेल चोळून मग राख लावण्याची जुनी रीत चालू ठेवली. तिची कातडी याने कमी भाजते, अजिबात भाजत नाही असं नाही. हा प्रश्न मी सोडवू शकले नाही.

फवारणीचंही इथेच सांगते, कारण यात चूक जीवावर बेतते. आंब्याच्या मोहोरावर फवारणी करायला भाऊ येतो आणि त्याने पहिल्या दिवशी हेच नवे चामडी हातमोजे उचलले होते. मी ते काढून घेतले. कातडं आणि सूत कीटकनाशक शोषून हाताला लावून ठेवतात आणि ते धुऊन जात नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आपण सगळ्यांनी वाचलं आहे. फवारणीला लांब बाहीचे नायट्राइलचेच हातमोजे हवेत. इथे नैसर्गिक साहित्याचा आग्रह धरू नये. मळणी यंत्र, पंपाचा फिरता पट्टा, ड्रिल यांच्यापाशीही हातमोजे काढून ठेवायचे. कातड्याचं टोक यंत्रात सापडलं की ते हातासकट आत ओढतं.

वर्षभरात

आईने स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर पेन्सिलीने खुणा केल्या. कातड्याला क, सुताला स, रबराला र. पहिले आठ दिवस क एकदाही नव्हता. मी फोनवर विचारलं तर म्हणाली, कोयती निसटते. नंबर बरोबर होता, शिवण बरोबर होती, तरी निसटत होती, कारण तिची कोयतीची मूठ गेल्या चाळीस वर्षांत तिच्या उघड्या तळव्याला झिजून बसली आहे.

उपाय तिनेच काढला. तिने फक्त डावा हातमोजा घातला. उजव्या हातात उघडी कोयती, डाव्यात कातडं. वहीतल्या माझ्याच नोंदीत हे लिहिलेलं होतं, की काटे डाव्या हाताला लागतात आणि मूठ उजव्याला. तरी मला जोडीच्या पलीकडे सुचलं नाही. त्या दिवसापासून दिनदर्शिकेवर क दिसायला लागला आणि कवळ संपेपर्यंत जवळजवळ रोज दिसत राहिला. कोयतीचा घाव कुठलंही कातडं अडवत नाही, हे मी तिला सांगितलं. ते तिला माझ्या आधीपासून माहीत होतं.

मे महिन्यात गडगा दुरुस्त करताना मात्र दोन्ही हातांत घालायचे, असा नियम केला. चिऱ्याखाली विंचू असतो आणि कोकणातला लाल विंचू जीवघेणा आहे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाच्या उपचाराने त्यातले मृत्यू कसे कमी केले, हे आमच्या भागात म्हाताऱ्या माणसांनाही ठाऊक आहे. कातडं नांगीला थोडं अडवतं. फुरशाच्या बाबतीत तेवढाही भरवसा धरू नये, चिरा आधी पहारीने उलटवायचा. आणि पडवीत ठेवलेला हातमोजा घालण्याआधी उलटा धरून झाडायचा, बोटं एकेक दाबून पाहायची. जूनमध्ये एकदा त्यातून इंगळी पडली.

पावसाळ्यात पहिली चूक झाली. ओला झालेला डावा हातमोजा आईने चुलीच्या वैलावर वाळत ठेवला. सकाळी तो ६ नंबरचा झाला होता आणि तर्जनीचं कातडं तडकलं होतं. क्रोमचं कातडंही विस्तवाला इतकं लगटून ठेवलं की टिकत नाही. काकूंना तो बरोबर बसला, म्हणून तो त्यांच्याकडे गेला. तेव्हा मी दुसरी जोडी मागवली आणि वाळवण्याची रीत बदलली. काम झालं की घामाचं मीठ आणि चिखल ओल्या फडक्याने पुसायचं, बोटांत वर्तमानपत्राचे बोळे भरायचे, माजघरात वाऱ्याला टांगायचं. ऊन नाही, चूल नाही. तरी ऑगस्टमध्ये पांढरी बुरशी आली. ती कोरड्या ब्रशने बाहेर झाडली, सावलीत दोन दिवस ठेवलं, मग खोबरेल आणि मधमाश्यांचं मेण कोमट करून त्याचा हलका हात दिला. खोबरेल एकटंच सढळ हाताने लावलं तर कातडं ढिलं पडतं आणि बुरशी उलट वाढते, हे पहिल्या जोडीच्या उजव्या हातमोज्यावर पाहून झालं होतं.

२०२३ च्या ऑक्टोबरात वईचे दिवस परत आले. मी तेव्हा घरी होते. आईने डाव्या हाताला कातडं चढवलं, बाही कोपराकडे ओढली आणि करवंदीची जाळी खाली दाबून धरली. तीन दिवसांत हातमोज्यात काटे घुसले, दोन आरपारही आले, पण टोकाने फक्त टोचलं, आत मोडला नाही. काटा कातड्यात अडकून राहतो आणि हातमोजा काढला की त्याच्याबरोबर निघून येतो. हे कुठल्याच आकड्यात लिहिलेलं नव्हतं आणि आमच्या दृष्टीने सगळ्यात मोलाचं होतं.

त्या दुसऱ्या जोडीची आत्ताची स्थिती अशी. डाव्याची तर्जनी आणि मधलं बोट टोकाशी झिजलं, तिथे राजापूरच्या एसटी स्टँडजवळ चपला शिवणाऱ्या काकांनी आतून कातड्याचा तुकडा लावून मेणाच्या दोऱ्याने शिवून दिलं, ४० रुपयांत. उजवा जवळजवळ नवा आहे. सुती सहा जोड्यांपैकी दोन उरल्या, चार फाटून शेणखताच्या खड्ड्यात गेल्या. रबराची जोडी तळव्याला चिरली, पण अजून वापरात आहे. दुसऱ्या चामडी जोडीसकट वर्षाचा खर्च १,९०० रुपयांच्या आत राहिला. बोटाच्या शस्त्रक्रियेला याच्या किती पट गेले ते आईने मला मोजू दिलं नाही.

डावा झिजतो आणि उजवा उरतो, म्हणून एकटा डावा मिळेल का असं मी विक्रेत्याला विचारलं. दहा किंवा जास्त डावे एकदम घेतले तर देऊ, असं उत्तर आलं. मग दिवाळीत आईने वाडीतल्या बायकांना पडवीत बोलावलं आणि एकेकीच्या तळव्याभोवती दोरा गुंडाळून जिथे घेर भरला तिथे गाठ मारली. काकूंची एक डावखुरी भावजय आहे, तिच्या दोऱ्याला तिने लाल चिंधी बांधली. अकरा दोरे झाले. ते माझ्या पाकिटात आहेत, आणि या शनिवारी मी ते पट्टीवर मोजून मागणी पाठवणार आहे.